क्षमा मागायची कोणाकडे?

न्यूझीलंडच्या ख्रिस्ती इतिहासात पतित पाद्री म्हटलं की थॉमस केंडलचं नाव निघतं. 1814 च्या नाताळात सॅम्युएल मार्सडेन या पाद्रीने बे ऑफ आयलंड्समधल्या ओइही इथे पहिली उपासना घेतली, तेव्हाच्या मिशनरी तुकडीतला हा शाळामास्तर. पुढच्याच वर्षी माओरी भाषेतलं पहिलं पुस्तक त्याने सिडनीत छापून घेतलं. 1820 मध्ये हाँगी हिका या सरदाराला घेऊन तो इंग्लंडला गेला आणि केंब्रिजच्या सॅम्युएल ली यांच्याबरोबर बसून माओरीचं व्याकरण सिद्ध केलं. पाद्रीपणाची दीक्षाही त्याच फेरीत मिळाली.

परतल्यावर पाय घसरला. बायको-मुलं घरात असताना राकाउ नावाच्या माओरी पुरोहिताच्या मुलीशी, तुंगारोआशी, त्याने संबंध ठेवला. काही महिन्यांत तो तोडलाही. तरी 1822 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने त्याला काढून टाकलं. माओरींच्या धर्मकल्पना समजून घेता घेता आपलंच मन तिकडे ओढलं गेलं, असं त्याचं म्हणणं. सबब खरी, पण निव्वळ सबब नव्हे. इतक्या खोलात शिरणारे तिथे होतेच किती?

पुढच्या वर्षी मार्सडेन स्वतः बडतर्फीचा निरोप घेऊन आला. केंडलने त्याच्यासोबत निघायचं ठरलं, पण ब्रॅम्प्टन हे जहाज उपसागरातच फुटलं. केंडलने हा देवाचा कौल मानला आणि तिथेच राहिला. कौल सोयीचा लागला की माणूस लगेच मानतो!

त्याची पश्चात्तापाची पत्रं लंडनला जात राहिली. पण सोसायटीच्या लंडनमधल्या समितीचं त्यात काय गेलं होतं? गेलं होतं ते जेनचं, त्याच्या बायकोचं, आणि तुंगारोआचं. जेनचंही पूर्वी एका नोकराशी प्रकरण होऊन मूल झालं होतं. तरी नवरा-बायकोचा संसार टिकला. समितीच्या ठरावाहून या निमूट समेटात मला जास्त ख्रिस्तीपण दिसतं. बंदुकांचा हिशोब मात्र अशा घरगुती समेटाने मिटणारा नव्हता. हाँगीने परतीच्या वाटेवर सिडनीत शेकडो बंदुका मिळवल्या आणि उत्तर बेटावर रक्ताचे पाट वाहिले. त्या बंदुकांच्या व्यवहारात केंडलचा हात होता.

क्षमेची दुसरी गोष्ट तिथलीच. 1836 मध्ये वाइरेरे धबधब्यापाशी तारोरे ही कोवळी माओरी मुलगी मारली गेली. तिचे वडील न्गाकुकु यांनी सूड घ्यायला नकार दिला. मारेकरी उइटाने तिच्याजवळचं लूकचं शुभवर्तमान लुटून नेलं होतं. पुढे तेच ऐकून तो ख्रिस्ती झाला आणि त्याने न्गाकुकुंकडे क्षमा मागितली, असं सांगतात. ज्याचं लेकरू गेलं त्याच्याच दारात जाणं ही केंडलच्या पत्रांपेक्षा कितीतरी अवघड गोष्ट.

संस्थांना हे उमगायला वेळ लागतो. तौरांगा इथली माओरींची जमीन दीडशे वर्षांपूर्वी याच सोसायटीच्या हातून सरकारकडे गेली. त्याबद्दल अँग्लिकन चर्चने तिथल्या माओरींची जाहीर माफी मागितली ती डिसेंबर 2018 मध्ये. त्या जमिनीवर आता शहराची बाजारपेठ आहे, म्हणजे माफीनंतरचा प्रश्न भरपाईचा, आणि त्याला पत्रं पुरणार नाहीत.