रोजचा फडका

आपल्याकडे नवी गाडी आली की दोन गोष्टी हमखास होतात. सीटवरचं प्लॅस्टिक निदान सहा महिने काढायचं नाही असं घरात ठरतं, आणि सोसायटीत गाड्या पुसणाऱ्याला "उद्यापासून आमची पण" असं सांगितलं जातं. म्हणजे ज्या सीटवर बसायचंच असतं ती झाकलेली, आणि ज्या रंगाला कुणी हात लावायची गरज नसते त्यावर मात्र रोज सकाळी फडका! माझं मत विचाराल तर पहिल्या दोन-तीन वर्षांत गाडीची चकाकी जाते ती ऊन-पावसापेक्षा या फडक्यामुळेच.

गाडीचा रंग म्हणजे किती जाड असेल असं वाटतं? पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम मिलिमीटरचा सातवा-दहावा भाग. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही बहुधा पातळ. गाडी चमकते ती या थरामुळे. ही मुद्दल आहे मंडळी, आणि हिला व्याज मिळत नाही. पुढे ओरखडे घालवायला रबिंग-पॉलिश करून घेतो तेव्हा ओरखडा 'भरला' जात नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीला आणला जातो. म्हणजे पुन्हा मुद्दलच खर्च.

आता धूळ. रस्त्यावरच्या आणि बांधकामाच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, बारीक कण असतात. खनिजांच्या मोह्‌स श्रेणीत क्वार्ट्‌झ ७ वर आहे. काचेवरसुद्धा ते चरा पाडतं. क्लिअर कोट हे तर शेवटी एक जातीचं प्लॅस्टिकच. धूळ गाडीवर नुसती बसून राहिली तर काही बिघडवत नाही. ती घासली की बिघडवते. अर्ध्या बादलीत बुडवून पिळलेला फडका धुळीवरून फिरवणं म्हणजे फार सौम्य पॉलिशपेपर फिरवण्यासारखंच. वर्षभराने भर उन्हात बॉनेटकडे तिरकं बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं दिसेल. काळ्या गाडीवर जास्त, पांढरीवर कमी, पण असतंच.

यावर लगेच "तो नीट पुसतच नाही हो" असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्याच्याकडे सकाळच्या दोन-तीन तासांत पंधरा-वीस गाड्या असतात. बादली एक. नळाला पाइप लावला तर सोसायटीचा सेक्रेटरी ओरडतो. फडका म्हणजे कुणाचा तरी जुना बनियन, तोही त्याने स्वतःच मिळवलेला. आणि आपण त्याचं काम मोजतो कशावर, तर रोज काचेवर धूळ दिसते की नाही यावर. एका बादलीत पंधरा गाड्यांची माती उतरते आणि पुढच्या गाडीवर चढते. तो अगदी आपण मागतो तेच काम करतो आहे. चूक मागणीत आहे.

आणि याच बॉनेटसाठी आपण शोरूममध्ये किंवा बाहेर सिरॅमिक कोटिंगचे हजारो रुपये मोजतो! "९एच कडकपणा आहे साहेब" असं विक्रेता सांगतो आणि ऐकणाऱ्याला हिऱ्याच्या १० च्या शेजारचं काहीतरी वाटतं. हा ९एच पेन्सिलीचा आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर घासून चरा पडतो का बघायची ती चाचणी. तिचा मोह्‌स श्रेणीशी संबंध नाही. कोटिंग अगदीच फसवं असतं असं नाही. पाणी ओघळून जातं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण धुळीसकट फडका फिरवला तर कोटिंगवरही ओरखडे येतात. दगडाच्या टवक्यांपासून ते वाचवत नाही. त्याला जाड फिल्म लागते.

मग करायचं काय? रोज पुसणं बंद. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, धुवायची. सावलीत, बॉनेट थंड असताना. आधी नुसतं पाणी मारून धूळ वाहू द्यायची. झाडांना औषध फवारायचा पाच लिटरचा हातपंप नवीन आणला तर त्याला उत्तम (औषधाचा जुना वापरू नका). मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी, प्रत्येक वेळी कापड साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. वरून खाली यायचं, चाकं वेगळ्या कापडाने. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स उतरवतो. शेवटी मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं. बोअरचं पाणी वाळू दिलं तर क्षारांचे पांढरे डाग बसतात. पस्तीस-चाळीस लिटरमध्ये सगळं होतं, टँकरच्या दिवसांतही परवडेल असं.

घाई करायची ती पक्ष्यांच्या विष्ठेची. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात क्लिअर कोटवर कायमचा डाग पाडते. ओला कपडा पाच मिनिटं ठेवून ती मऊ करून उचलायची, खरवडायची नाही. पूजेच्या कुंकवाच्या स्वस्तिकालाही हाच नियम. श्रद्धेला धक्का न लावता दुसऱ्या दिवशी भिजवून पुसता येतं. आणि "नव्या रंगाला तीन महिने वॅक्स लावू नका" हा सल्ला गॅरेजात रंगवलेल्या पत्र्यासाठी आहे. कारखान्यातला रंग साधारण १४० अंशांना भट्टीत भाजूनच बाहेर येतो. त्याला पहिल्या आठवड्यात वॅक्स लावा, खुशाल.

राहता राहिला तो पुसणारा. रोजचा फडका बंद म्हणजे त्याचे पैसे कापायचे, हे आपलं नेहमीचं गणित. ते करू नका. पैसे तेवढेच, किंबहुना थोडे जास्त. काम आठवड्यातून एकदा, पण नीट. दोन बादल्या, शाम्पू आणि चार मायक्रोफायबर आपण द्यायचे. त्याचा खर्च कोटिंगच्या जीएसटीइतकासुद्धा नाही. त्याला रोज वीस गाड्यांऐवजी तीन-चार, आपला क्लिअर कोट शाबूत. कामाचा दर्जा वाढला की माणसाचाही दर वाढायला हवा, एवढंच.

अधल्यामधल्या दिवशी गाडी धुळकट दिसेल. शेजारी विचारतील, "काय हो, पुसणारा येत नाही का?" खुशाल विचारू देत. धूळ पाण्याने जाते. ओरखडे तसे जात नाहीत.