चांच्याचें नांव

बारशाच्या आमंत्रणाबरोबर एखादा तंटाहि दारीं यावा, असा प्रसंग क्वचितच येतो. आमची अक्का वाशीम जिल्ह्यांत अनसिंग येथें राहते. घर मोठें, तीन पिढ्या एका छपराखालीं, गांवाबाहेर सोयाबीन आणि तुरीचीं शेतें. गेल्या महिन्यांत तिला पहिला नातू झाला. ‘बारशाला ये, पण दोन दिवस आधीं ये, बापलेकांचें बोलणें बंद आहे,’ असा तिचा निरोप आला, तेव्हां वाटलें, वाटणीचें कांहीं असेल. पाहतों तों भांडण नांवाचें!

भावोजींच्या घराण्यांत पहिल्या नातवास त्याच्या पणजोबांचें नांव ठेवण्याचा परिपाठ. आपल्या वडिलांचें नांव पुन्हां घरांत ऐकूं यावें म्हणून भावोजी कितीतरी वर्षें वाट पाहत होते. मुलाचा बाप, म्हणजे आमचा भाचा, पुण्यास संगणकाच्या कचेरींत नोकरीस. त्यानें मोबाइलवर एक यादीच करून आणिली होती. तींत ड्रेक, मॉर्गन, किड, एव्हरी! हे कोण म्हणून विचारलें, तर सारे समुद्रावरचे चांचे. ‘नांव कसें धाडसी पाहिजे, मामा,’ असें त्याचें म्हणणें. ज्या घराचा समुद्राशीं संबंध मिठापुरता, आणि जेथील आजीनें समुद्र आयुष्यांत एकदांच, द्वारकेच्या यात्रेंत पाहिला, तेथें ही हौस! सूनबाईचें माहेर अलिबागचें. ती मात्र एवढेंच म्हणाली, ‘दोघे भांडतात, पण मला कोणीं विचारलेंच नाहीं.’ तिचें बोलणें आम्हीं हंसण्यावारी नेलें. तसें करावयास नको होतें.

मीं प्रथम भाच्याची यादी हातीं घेतली. त्यांतील एव्हरी आपल्याच समुद्रावरचा. १६९५ च्या सप्टेंबरांत मक्केची यात्रा करून सुरतेस परतणाऱ्या लोकांनीं भरलेलें औरंगजेबाचें ‘गंज-इ-सवाई’ जहाज त्यानें गांठलें. लूट तर झालीच. पण त्या जहाजावर बायका होत्या, आणि त्यांची जी विटंबना झाली ती खाफीखानानें लिहून ठेविली आहे. त्यापायीं सुरतेचे इंग्रज व्यापारी बादशहाच्या कैदेंत पडले. एव्हरी मात्र कायमचा निसटला. किडची तऱ्हा निराळी. तो निघाला चांच्यांस पकडण्याचा परवाना घेऊन, आणि १६९८ त मलबार किनाऱ्याजवळ स्वतःच एक मालाचें जहाज धरून बसला. १७०१ त लंडनास फांशीं गेला. भाच्यास म्हटलें, ‘यात्रेकरू बायांना लुटणाऱ्याचें नांव तुझी बहीण बाळाच्या कानांत कोणत्या तोंडानें सांगणार?’ तो गप्प बसला. चित्रपटांतले चांचे फार विनोदी असतात, हा कांहीं त्याचा अपराध नव्हे.

इतक्यांत माजघरांतून सूनबाईनें विचारलें, ‘मग आमचे कान्होजी आंग्रे? इंग्रज त्यांनाहि चांचाच म्हणत ना?’

‘म्हणजे पुन्हां चांचाच!’ भावोजी उसळून म्हणाले. येथें मात्र मला स्वस्थ बसवेना.

इंग्रजांनीं त्यांना चांचा म्हटलें, हें खरें. १७३७ त लंडनांत क्लेमेंट डाउनिंग नांवाच्या दर्यावर्द्यानें हिंदुस्थानांतील लढायांचा वृत्तांत छापिला, त्या ग्रंथाच्या नांवांतच ‘आंग्रिया चांचा’ आहे. पण हा चांचा कोण? मराठी राज्याच्या आरमाराचा सरखेल! १७१३ त बाळाजी विश्वनाथांनीं बोलणीं करून त्यांस शाहू महाराजांच्या पक्षास आणिलें, तेव्हां सरखेली त्यांच्याकडेच कायम राहिली. आपल्या राजाच्या समुद्रावरून जाणाऱ्या गलबतानें आपलें दस्तक घ्यावें, न घेईल तर तें अडवावें, हा त्यांचा कायदा. हाच कायदा पोर्तुगीज लोक कार्ताझ नांवाच्या परवान्यानें दोनशे वर्षें चालवीत आले होते, आणि इंग्रज कंपनीहि आपले परवाने देतच होती. तंटा चोरीचा नव्हता. परवान्यावर शिक्का कोणाचा, याचा होता. मुंबईचा गव्हर्नर बून यानें १७१७ त विजयदुर्गावर आणि १७१८ त खांदेरीवर आरमार धाडलें, तें हात हालवीत परतलें. १७२१ त इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले. त्यांचीहि तीच गत. ४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी वारले, तोंवर हा किनारा त्यांच्या हातून कोणास घेतां आला नाहीं. ज्या व्यापाऱ्याचा माल अडकला त्यास सरखेल आणि चांचा यांतला फरक फारसा जाणवला नसेल, हेंहि कबूल केलें पाहिजे.

भाच्यास आतां ‘तुळाजी’ हें नांव अधिक आवडूं लागलें. कान्होजींच्या या मुलाचें पेशव्यांशीं पटलें नाहीं. नानासाहेबांनीं त्याच्याविरुद्ध इंग्रजांशीं हात मिळविला, आणि १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या खाडींत आंग्र्यांचें सारें आरमार वॉटसनच्या तोफांखालीं जळून गेलें. तुळाजीचें उरलेलें आयुष्य कैदेंत सरलें. आमच्यासारख्यांच्या घरीं पेशव्यांस सहसा नांवें ठेवीत नाहींत. भावोजींनीं पानाचा डबा पुढें ओढला आणि ते मुकाट्यानें सुपारी कातरूं लागले. तें नांव तेवढ्यावरच मागें पडलें.

त्यांना थोडेंसें पटलें तें निराळ्याच गोष्टीनें. मुंबईच्या नौदलतळाचें ‘डलहौसी’ हें नांव १९५१ त बदलून ‘आंग्रे’ असें ठेविलें गेलें, हें मीं सहज सांगितलें. ‘डलहौसी?’ भावोजींचा अडकित्ता थांबला. त्याच डलहौसीच्या अमदानींत, १८५३ त, आमचा वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हातीं गेला. वऱ्हाडच्या माणसास हें सांगावें लागत नाहीं.

शेवटची हरकत राहिली होती. ‘पण ब्राह्मणाच्या मुलास हें “जी” लावलेलें नांव कसें शोभावें?’

‘बाळाजी विश्वनाथांच्या नांवांत “जी” नाहीं का, मामंजी?’ सूनबाईनें आंतूनच विचारलें. अक्कानें तर निकालच दिला: ‘घरीं मी कान्हा म्हणेन. हांक मारतांना देवाचें नांव तरी तोंडीं येईल. आणि तोहि लोणीचोरच कीं!’ पुढें शाळेंत मुलें चिडवतील, ही भाच्याची शंका मात्र कोणासच खोडतां आली नाहीं. चिडवतील खरीं.

बारशाच्या दिवशीं काशाच्या ताटांत तांदूळ पसरले. गुरुजींनीं नक्षत्रावरून भलतेंच अक्षर काढलें होतें. त्याचें नाक्षत्रनाम झालें. कुलदेवतेचें आणि मासाचें लिहून झालें, आणि चौथें व्यवहारनाम म्हणून भाच्यानें सोन्याच्या अंगठीनें ‘कान्होजी’ असें लिहिलें. तोंच भावोजींनीं हात पुढें करून अंगठी मागितली.

‘शास्त्रांत नांवें चारच,’ गुरुजी म्हणाले.

भाच्यानें अंगठी वडिलांच्या हातीं दिली, ताट त्यांच्याकडे सरकविलें, आणि त्यांना पांचव्या नांवापुरती जागा व्हावी म्हणून तांदूळ हातानें सारखे केले.