ओल्या लाकडाचं इंजिनिअरिंग

'किती छान छंद आहे रे!' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

झाडाच्या ओंडक्यापासून हातअवजारांनी खुर्ची बनवणाऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ ग्रुपवर येतो आणि खाली हे वाक्य हमखास असतं. त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य, बहुतेक वेळा आपल्याच एखाद्या इंजिनिअर मित्राचं: 'पण उपयोग काय? सीएनसी मशीन हेच दहा मिनिटांत करेल.' पहिलं कौतुक, दुसरी टीका. पण नीट बघा, दोघांचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे. या कामात हात आहेत, भावना आहेत, भरपूर वेळ आहे... डोकं काही नाही. डोकं मशीनकडे, किंवा मशीनचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे. म्हणजे आपल्याकडे!

मला भांडायचंय ते या एकमताशी.

आधी एक खुलासा. ग्रीन वुडवर्किंग म्हणजे 'पर्यावरण वाचवा'वालं ग्रीन नव्हे. इथे ग्रीन म्हणजे ओलं. नुकतंच पाडलेलं झाड, ज्याच्यातलं पाणी अजून वाळलेलं नाही. ओंडका करवतीने कापायचा नाही, पाचर ठोकून उभा चिरायचा. मग फ्रो नावाचं एक लांब पातं घेऊन त्या फाका आणखी बारीक करायच्या. मग दोन्ही टोकांना मुठी असलेलं पातं (ड्रॉनाइफ) स्वतःकडे ओढत तासायचं. लाकूड धरायला शिकंजा नाही. पायाने दाबलं की लाकूड पकडणारं एक बाकडं असतं, त्याला म्हणतात शेव्हिंग हॉर्स. बसल्या जागी घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि काम करायचं. वीज नाही, धूळ नाही, कानठळ्या नाहीत. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्या अशाच बनत आल्या.

आता इथपर्यंत सगळं 'छान छंद' या खात्यात बसतं. पुढचं बसत नाही.

पावसाळ्यात तुमच्या घराचं दार घट्ट बसतं ना? खांदा लावून ढकलावं लागतं, आणि मार्चमध्ये तेच दार शहाण्यासारखं उघडतं. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, सोडतं आणि आकसतं. गंमत अशी की ते सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. अमेरिकन रेड ओक घ्या. ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत ते वर्षवलयांच्या दिशेने ८.६ टक्के आकसतं, मधल्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ४ टक्के, आणि लांबीत जवळजवळ शून्य. म्हणजे ओलं असताना २५ मिलिमीटर व्यासाचा गोल दांडा कातला, तर वाळल्यावर तो साधारण २३ बाय २४ होतो. गोल नाही, अंडाकृती! तुमच्या मशीनची अचूकता मायक्रॉनमध्ये असेल हो, पण ज्यावर मशीन चालवलं तो मालच दोन मिलिमीटरने हलणार आहे. आता बोला.

आपण कॉलेजात शिकलेलं इंजिनिअरिंग यावर काय म्हणतं? हलणारा माल नकोच. लाकूड भट्टीत वाळवा, किंवा त्याचा भुसा करून गोंदात घोळून फळी दाबा. माल एकसारखा झाला की ड्रॉइंग चालतं. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग असा, की माल हलणारच आहे तर त्या हलण्यालाच कामाला लावा.

ओल्या लाकडाची खुर्ची हेच करते. आडव्या दांड्या खडखडीत वाळवतात. उभे पाय मात्र किंचित ओलसर ठेवतात. मग पायात भोक पाडून वाळलेल्या दांडीचं टोक त्यात ठोकतात. पुढे काय होतं? दांडी हवेतला आणि पायातला ओलावा शोषून फुगते, पाय वाळत जातो आणि तिच्याभोवती आवळला जातो. खुर्ची बनवणारा घरी जाऊन झोपतो आणि सांधा स्वतःच घट्ट होत राहतो. पाय फार ओला राहिला तर वाळताना तडकतो, फार वाळला तर पकड येत नाही. ती मधली जागा ओळखणं ही खरी विद्या.

अजून एक. एका दिशेच्या दांड्या आधी बसवायच्या. मग दुसऱ्या दिशेच्या दांड्यांसाठी भोकं अशी पाडायची की आधीच्या दांडीच्या टोकाला ती जराशी चाटून जातील. तिथे खाच पडते आणि नंतरची दांडी त्या खाचेत अडकून बसते. आता पहिली बाहेर यायची तर आधी दुसरी निघायला हवी, आणि दुसरीला पायाने आवळून धरलेलं. खिळा नाही, स्क्रू नाही. अशा कित्येक जुन्या खुर्च्या गोंदाचा थेंब न लावता पिढ्या काढून उभ्या आहेत. याला तुम्ही छंद म्हणणार असाल तर डेडलॉकसुद्धा छंदच म्हणायला हवा!

आता त्या सीएनसीवाल्या मित्राला उत्तर. करवत आणि कटर सरळ रेषेत किंवा ड्रॉइंगवरच्या रेषेत जातात. लाकडाचे तंतू कुठे चाललेत याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. तंतू मध्येच कापला गेला की तिथे लाकूड कमजोर. मग ताकद भरून काढायला तुकडा जाड करा. पाचरीने चिरलेलं लाकूड तंतूंच्या मधूनच फाटतं, त्यामुळे दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तंतू अखंड जातात. म्हणून ती बारीक असूनही माणूस पेलते. वाफेवर वाकवायचं असेल तरी हेच. तंतू अखंड असलेली अ‍ॅशची पट्टी वाकते. तिरके कापलेले तंतू वाकवताना सालपटासारखे सुटून येतात. मशीनला 'हेच' दहा मिनिटांत करता येत नाही मित्रा. ते दहा मिनिटांत दुसरंच काहीतरी करतं, जे लांबून असंच दिसतं.

इथे दुसरी बाजू टाळ्या वाजवायला लागली असेल: बघा, यंत्राचा पराभव, हातांचा विजय! त्यांनाही दोन शब्द.

हाय विकम हे लंडनच्या वायव्येचं गाव. आजूबाजूला चिल्टर्न टेकड्या आणि त्यांवर बीचची जंगलं. १८७० च्या दशकात या भागात दिवसाला सुमारे ४,७०० खुर्च्या बनत असं सांगितलं जातं. बहुतेक विंडसर पद्धतीच्या. बसायची फळी एल्मची, कारण एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि कडेला भोकं पाडली तरी ती फाटत नाही. पाय बीचचे, कारण बीच छान कातलं जातं. पाठीची कमान अ‍ॅश किंवा यूची, कारण ती वाकतात. एका खुर्चीत तीन लाकडं, प्रत्येकाची निवड कारणासकट. फळी कोरणारा वेगळा, जोडणी करणारा वेगळा, आणि पाय कातणारे बॉजर तर गावातसुद्धा नसत. ते जंगलातच झोपडी टाकून पायाने चालवायच्या लेथवर पाय कातत आणि ते ग्रोसच्या, म्हणजे १४४ च्या हिशोबाने कारखान्यांना विकत. ओंडके गावात ओढत आणण्यापेक्षा लेथच झाडापाशी न्यायचा आणि फक्त तयार पाय बाहेर पाठवायचे. डेटा हलवण्यापेक्षा कोड डेटाकडे न्या, हे आपण मोठ्या थाटात प्रेझेंटेशनमध्ये सांगतो. त्या माणसांनी ते बीचच्या जंगलात करून दाखवलं होतं.

म्हणजे ही एक चोख सप्लाय चेन होती. एकांतात बसून लाकडाशी संवाद साधणारे ऋषीमुनी वगैरे कुणी नव्हते. बॉजरचं आयुष्य थंडीत, चिखलात आणि तुटपुंज्या पैशांत जायचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो धंदा जवळपास संपला आणि त्यांची मुलं कारखान्यात गेली तर त्यांना दोष देण्याचा अधिकार एसीत बसलेल्या मला नाही. कारखान्याच्या स्वस्त खुर्चीमुळे सामान्य माणसाला बूड टेकायला मिळालं, हेही खरं. तेव्हा 'जुनं ते सोनं'चा गजर करायला मी हे लिहीत नाहीये.

माझं म्हणणं एवढंच आहे: धंदा संपताना त्यातलं ज्ञान फारसं कुणी लिहून ठेवलं नाही, कारण ते ज्ञान आहे असं लिहिणाऱ्या वर्गाला वाटलंच नाही. आजच्या इंग्रजीत बॉज करणं म्हणजे कसंतरी जुगाड करून काम उरकणं. हा शब्द कुठून आला ते सोडा, पण १४४ एकसारखे पाय नजरेच्या अंदाजाने कातणाऱ्या माणसाच्या नावाशी तो आज चिकटलेला आहे. यातच सगळं आलं.

मग ते ज्ञान परत कसं मिळालं? जेनी अलेक्झांडर या बाल्टिमोरच्या वकील. खुर्च्यांचं वेड. जुन्या खुर्च्या बघायच्या, सांधे तपासायचे, ओल्या-सुक्या लाकडावर प्रयोग करायचे. त्यातून १९७८ साली 'मेक अ चेअर फ्रॉम अ ट्री' हे पुस्तक आलं (तेव्हा त्यांचं नाव जॉन होतं). २०१८ मध्ये त्या गेल्या. आज जगभर जे लोक ओल्या लाकडाच्या खुर्च्या बनवतात, त्यांच्यातल्या पुष्कळांची सुरुवात या पुस्तकापासून होते. आपल्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड हरवला होता, फक्त बायनरी उरल्या होत्या, आणि एका वकिलाने त्यांचं रिव्हर्स इंजिनिअरिंग केलं. इंजिनिअर लोक तेव्हा काय करत होते कोण जाणे.

त्याच्या बरंच आधी, १८९० मध्ये, अर्नेस्ट गिमसन नावाचा तरुण आर्किटेक्ट हर्फर्डशरमधल्या फिलिप क्लिसेट या सत्तरी ओलांडलेल्या खेडवळ खुर्चीवाल्याकडे काही आठवडे शिकायला गेला होता. शिकलेला माणूस न शिकलेल्याकडे शिकायला गेला! आपल्याकडे अशी किती उदाहरणं सांगता येतील?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं वर्कशॉप आठवा. कारपेंट्रीचा जॉब. दोन तुकडे, एक सांधा. करवत तिरकी जायची, पटाशी भलतीकडे घुसायची. आणि मग वर्कशॉपमधले मामा यायचे, दोन मिनिटांत सांधा असा बसवून द्यायचे की हलायचा नाही. अख्ख्या त्या शेडमध्ये लाकूड कळणारा माणूस एकच होता आणि त्याचं पद होतं अटेंडंट. मार्क द्यायचे सर. मामांनी शिकवलं तर ते 'मदत', सरांनी सांगितलं तर ते 'शिक्षण'. हा फरक आपण तिथे शिकलो, सांधा नाही शिकलो.

आणि वर आपण शब्द कुठला उचलला? क्राफ्ट! २००९ मध्ये सॉफ्टवेअर क्राफ्ट्समनशिपचा रीतसर जाहीरनामा आला. त्याच्याही आधीपासून पुस्तकांच्या नावांत जर्नीमन आणि मास्टर हे शब्द मिरवत होते. मला त्या विचाराबद्दल आदर आहे, कोड नीट लिहावा हे म्हणणं चूक कसं असेल? पण मौज बघा. आपण स्वतःला क्राफ्ट्समन म्हटलं की पगार वाढतो. सुताराला कारागीर म्हटलं की त्याची घासाघीस करायची सोय होते. शब्द तोच, लिफ्ट एकासाठी वर जाते, दुसऱ्यासाठी खाली.

तुमच्या फ्लॅटच्या इंटिरिअरचा हिशोब काढून बघा. डिझायनरला दिली ती 'फी'. सुताराला दिली ती 'मजुरी'. डिझायनरच्या ड्रॉइंगमध्ये जे जुळत नव्हतं ते जागेवर कुणी जुळवलं? पावसाळ्यात ड्रॉवर अडकू नये म्हणून कुठे किती फट सोडायची, हे कुणाला माहीत होतं? त्या माहितीची एकही ओळ बिलात नाही. पाटी टाकल्याचे, फळी कापल्याचे, फुटावर पैसे. जे ज्ञान आपल्याला मोजता येत नाही ते फुकट, असा आपला सरळ हिशोब आहे. आणि मग त्याचा मुलगा सुतारकाम करत नाही म्हणून 'हल्ली चांगले सुतार मिळत नाहीत हो' हे आपणच म्हणायचं.

असो. ओल्या लाकडाची खुर्ची तुम्ही बनवावी असा माझा आग्रह नाही. बनवलीत तर मजा येईल, हात दुखतील, बोटं कापतील. पण नाही बनवलीत तरी एक करा. पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की 'छान छंद' लिहिण्याआधी त्या सांध्याकडे बघा आणि स्वतःला विचारा, हे मला डिझाईन करता आलं असतं का? आणि घरी सुतार आले की त्यांना एकदा विचारा, काका, ही फट इथे का सोडलीत? उत्तर मिळेल. तेही नीट, कारणासकट.

फक्त ते उत्तर ऐकल्यावर पुन्हा 'मजुरी किती?' असं विचारू नका. फी विचारा.