ओळखीच्या माणसाकडे कागद कसा मागायचा?

सप्टेंबर २०१०. गणपतींचा हंगाम सरत आलेला. पेणच्या मूर्तिकारांच्या हातात वर्षाची कमाई येण्याचे हे दिवस. नेमक्या याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले, आणि बंद दारापुढे रांगा लागल्या. त्या रांगांत कारखानदार होते, पापड लाटणाऱ्या बायका होत्या, निवृत्त शिक्षक होते, मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेले खारेपाटातले शेतकरी होते. ठेवीदारांची संख्या दोन लाखांच्या घरात आणि घोटाळ्याची रक्कम सहाशे कोटींच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक, असे पुढे सांगितले गेले. बनावट कर्जखाती दाखवून पैसा बाहेर गेला आणि त्यातला बराच जमिनींत मुरला, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे.

मी अलिबाग तालुक्यातला. माझा एक पैसाही त्या बँकेत नव्हता. पण पेणला आमची सोयरीक आहे, आणि तिथल्या एका घरात ऐकलेले वाक्य माझ्या मनातून जात नाही. 'अहो, संचालकांना आम्ही लहानपणापासून ओळखतो, त्यांना काय विचारायचं?' घरातल्या आजोबांनी हे चिडून नाही, खरोखरच न समजून विचारले होते.

फसवणूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर परका माणूस येतो. दागिने चकचकीत करून देणारा, फोनवरून खात्याचा नंबर विचारणारा. त्याच्यापासून सावध राहायला आपण मुलांना शिकवतो. पण मोठी रक्कम बुडवणारा माणूस बहुधा परका नसतो. त्याने आपल्या शाळेला वर्गखोली बांधून दिलेली असते, लग्नात तो अक्षता टाकून गेलेला असतो. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचे अध्यक्ष विवेक पाटील हे माजी आमदार. जून २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्यांना अटक केली. साठहून अधिक बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींवर रक्कम त्यांच्याशी संबंधित ट्रस्ट आणि क्रीडा अकादमीकडे वळवली गेली, असे संचालनालयाचे म्हणणे. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण त्या पट्ट्यात क्रीडा अकादमी म्हणजे अभिमानाची गोष्ट होती, हे विसरून चालणार नाही. ज्याने गावाला मैदान दिले, त्याच्याकडे ताळेबंद मागायला जीभ कशी रेटावी?

कायदा या सगळ्याकडे कसा पाहतो? आपण सरसकट 'चारसोबीस' म्हणून मोकळे होतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतले हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ व्या कलमात गेले. (भाषेतला चारसोबीस मात्र जागचा हलेल असे वाटत नाही.) जुने गुन्हे जुन्या कलमांखालीच चालतात. पण या कलमाला एक गोष्ट सिद्ध व्हावी लागते: व्यवहाराच्या आरंभीच फसवण्याचा हेतू होता. नंतर पैसे परत करता आले नाहीत, एवढ्याने फसवणूक होत नाही. बुडालेला व्यापारी आणि बुडवणारा भामटा यांच्यातली ही रेघ न्यायालये काळजीपूर्वक पाहतात, आणि ते योग्यच आहे.

बँकेच्या बाबतीत म्हणूनच दुसरे कलम महत्त्वाचे ठरते: विश्वासघाताचे. सांभाळायला दिलेली वस्तू सांभाळणाऱ्यानेच गिळणे. हे एखाद्या बँकरने, एजंटाने वा सरकारी नोकराने केले तर जुन्या ४०९ व्या कलमात थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, नव्या संहितेतही आहे. शिवाय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ८८ व्या कलमाने संचालकांकडून संस्थेचे नुकसान वसूल करता येते, आणि ठेवी घेऊन बुडवणाऱ्या वित्तीय संस्थांची मालमत्ता जप्त करण्यासाठी आपल्या राज्याने १९९९ मध्ये वेगळा कायदा केला. म्हणजे कायद्यांची वाण नाही. वाण आहे ती वेळेची. जप्त जमिनीवर तिसऱ्याचा दावा निघतो, मग चौथ्याचे अपील, आणि तोवर ज्या मुलीच्या लग्नाची ती ठेव असते तिची मुलगी शाळेत जाऊ लागते.

ठेवीदाराला खरा हात दिला तो खटल्यांनी नव्हे, विम्याने. पेणची बँक बंद पडली तेव्हा ठेवींचे विमासंरक्षण एक लाखाचे होते, १९९३ पासून तेवढेच. तेही बँक अवसायनात गेल्यावर किंवा तिचा परवाना रद्द झाल्यावर. नुसते निर्बंध असतील तर माणूस अधांतरी. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक कोलमडली. तिथे ४४ थकीत खाती झाकायला २१,०४९ बनावट खाती उभी केली गेली होती. २०२० मध्ये मर्यादा पाच लाख झाली, आणि निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम द्यावी, अशी दुरुस्ती २०२१ मध्ये आली. कर्नाळा बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा ९५ टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम विम्यातून मिळेल, असे रिझर्व्ह बँक सांगू शकली. दोन्ही बँका एकाच जिल्ह्यातल्या. मधल्या दहा वर्षांत ठेवीदाराच्या नशिबात एवढा फरक पडला. पाच लाखांवरचे मात्र अजून रांगेतच.

आता मुळाशी जाऊ. डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने तुरुंगातल्या अपहारकर्त्यांशी बोलून १९५३ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्याला तीन गोष्टी सापडल्या: कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी असलेली संधी आणि मनाची समजूत. ही समजूत फार मजेशीर असते. 'चोरत नाही, उसने घेतोय; पावसाळा संपला की भरून टाकतो.' अडचण आणि समजूत दुसऱ्याच्या मनात असतात, तिथे संस्थेचा हात पोचत नाही. संधी मात्र संस्थेच्या हातात असते. एकाने कर्ज मंजूर करायचे, दुसऱ्याने रक्कम सोडायची, तिसऱ्याने कर्जदाराच्या दारात जाऊन तो माणूस खरोखर आहे का हे पाहायचे. एवढ्यानेही बनावट खाते उघडणे कठीण होते. तिघेही एकाच साहेबाचे मिंधे असतील तर अर्थातच उपयोग नाही.

एक साधा उपाय मला फार आवडतो: सक्तीची रजा. नाजूक जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून निदान दहा दिवस अचानक रजेवर धाडा, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. कारण खोट्या खात्याला रोज पाणी घालावे लागते. माळी गेला की ते सुकते. आपण काय करतो? तीस वर्षांत एकही रजा न घेतलेल्या कारकुनाला शाल-श्रीफळ देतो.

सहकारी बँकेत आणखी एक गोम आहे. ठेवीदाराला मत नसते. मत भागधारक सभासदाचे, आणि कर्ज हवे असेल तर सभासद व्हावेच लागते. म्हणजे ज्यांचा पैसा आहे ते बाहेर, आणि ज्यांना पैसा हवा आहे ते संचालक निवडणार. मग वार्षिक सभेत अहवाल वाचायच्या आधीच 'मंजूर, मंजूर' होते आणि मंडळी स्टीलचा डबा घेऊन घरी जातात. २०१९ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने शंभर कोटींवर ठेवी असलेल्या नागरी बँकांना जाणकारांचे वेगळे व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितले, आणि २०२१ पासून एकाच लेखापरीक्षकाला सलग तीन वर्षांपुढे ठेवता येत नाही. चांगले आहे. पण जाणकार कुणाच्या ओळखीतून येतात, हेही कुणीतरी पाहावे लागेल.

हे सगळे लिहिण्याचा मला किती अधिकार आहे? गावच्या वाचनालयाचा मी नऊ वर्षे खजिनदार होतो. चेकवर दोन सह्या लागत. चिटणीसांना शहरात जावे लागायचे, म्हणून मी कोऱ्या चेकबुकावर सह्या करून ठेवत असे. का? माणूस सोन्यासारखा होता. काही गैर घडले नाही, पण त्यात माझे कर्तृत्व शून्य.

मागच्या वर्षीच्या सभेत कॉलेजात शिकणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, 'काका, ग्रंथखरेदीची बिले बघायला मिळतील का?' सभा गप्प. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, 'अगं, कुणाला विचारतेस?' माझेही कान तापले, खोटे कशाला बोलू. फाइल काढली. अकरा बिले नव्हती, एकूण ३,४०० रुपयांची. पुस्तके कपाटात होती, कागद नव्हता. ते पैसे मी दुसऱ्या दिवशी भरले आणि पावती घेतली. त्या पावतीवर सही त्याच मुलीची आहे. ती आता सहखजिनदार आहे.