चित्र कापावें, पण झिजवूं नये

आमच्या एका वाचक भगिनीनें विचारलें आहे कीं, मुलानें गड चढतांना शिरस्त्राणावर लावलेल्या लहान कॅमेऱ्यानें घेतलेलें चित्रण मूळांत लख्ख दिसतें. मग घरच्या संगणकावर काटछांट करून पुन्हां साठविलें कीं तें धुरकट कां होतें? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे. परंतु ज्यांनीं त्याचें मोल दिलें आहे त्यांना तो तसा वाटणार नाहीं. आम्हीं तें दिलें आहे. म्हणून उत्तर थोडें विस्तारानें देतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचे वडील बंधु साठी उलटल्यावर राजगड चढले. भाच्यानें छातीशीं बांधलेल्या कॅमेऱ्यानें सारा चढ टिपला. बालेकिल्ल्याच्या दरवाजाशीं थांबून दादांनीं घाम पुसला आणि हंसून म्हटलें, "आईला सांग, पोंचलों म्हणून." घरीं आल्यावर आम्हीं मोठ्या हौसेनें तें चित्रण कापून साठविलें, दुसऱ्या दिवशीं नांवें घालून पुन्हां साठविलें, तिसऱ्या दिवशीं संगीत जोडून पुन्हां एकदां. जागा हवी म्हणून मूळ प्रत पुसून टाकली. पुढच्याच वर्षीं दादा गेले. आज त्या चित्रांत त्यांचा आवाज आहे, पण चेहऱ्याच्या जागीं चौकोनी ठिगळें आहेत. दोष यंत्राचा नव्हता. आमच्या अज्ञानाचा होता.

याचें कारण असें. कॅमेरा प्रत्येक चित्र संपूर्ण लिहून ठेवीत नाहीं. ठराविक अंतरानें एक पूर्ण चित्र, आणि मधल्या चित्रांपुरता केवळ झालेला बदल, एवढेंच तो नोंदतो. शिवाय डोळ्यांना सहसा जाणवणार नाहीं असा तपशील वगळतो. २००३ सालची एच. २६४ आणि २०१३ सालची एच. २६५ या दोन्ही पद्धतींचें तत्त्व हेंच. प्रत्येक वेळीं नव्यानें चित्र बनवितांना संगणक उरलेल्या तपशिलांतूनहि आणखी कांहीं गाळतो. नकलेवरून नक्कल केलेल्या पोथीसारखीच ही गत. लेखकाचा प्रत्येक प्रमाद पुढच्या प्रतींत उतरतो आणि नवा त्यांत भर घालतो.

त्यांतून हलणारें गवत, धबधब्याचें पाणी आणि हिंदकळणारा कॅमेरा यांमुळें क्षणोक्षणीं सारेंच चित्र बदलतें. म्हणून तें नोंदण्यास माहितीचा ओघ मोठा लागतो. गोप्रो हीरो ५ ब्लॅक हा कॅमेरा ४ के चित्रासाठीं सेकंदाला ६० मेगाबिटपर्यंत माहिती लिहितो. म्हणजे मिनिटाला सुमारें ४५० मेगाबाइट आणि तासाला २७ गिगाबाइट. तीच माहिती सेकंदाला दहा मेगाबिटांत कोंबली, तर ठिगळें पडावयाचींच.

तेव्हां पहिला नियम हा कीं, कार्ड पुसण्यापूर्वीं मूळ प्रत दोन निरनिराळ्या डिस्कांवर ठेवावी. पुष्कळ कॅमेरे लांब चित्रणाचे सुमारें चार-चार गिगाबाइटचे तुकडे पाडतात. ते सर्व आले कीं नाहीं, तें मोजून पाहावें.

दुसरें, नुसतें कापावयाचें किंवा तुकडे जोडावयाचे असतील, तर चित्र नव्यानें बनवूंच नये. एफएफएमपेग किंवा लॉसलेसकट हीं विनामूल्य साधनें माहिती जशीच्या तशी उचलून ठेवतात. गुणांत तिळमात्र उणें पडत नाहीं. मात्र अशी काप पूर्ण चित्रापाशींच नीट बसते, म्हणून आरंभ थोडा अलीकडे सरकतो. तो सोसावा.

तिसरें, नांवें, संगीत, रंगांची दुरुस्ती हवी असेल, तर सारें काम एकाच आराखड्यांत करावें. आराखडा शंभरदां साठविल्यानें चित्राचें कांहीं जात नाहीं. अंतिम चित्र मात्र मूळ प्रतींवरून एकदांच काढावें. त्या वेळीं आकार व सेकंदागणिक चित्रांची संख्या मूळाइतकीच ठेवावी आणि माहितीचा ओघ मूळाहून फारसा कमी करूं नये. एच. २६४ साठीं 'सीआरएफ' नांवाचें मान विचारलें जातें, तेथें १८ च्या आसपास आंकडा द्यावा. या मानांत आंकडा लहान तितकें चित्र चांगलें आणि फाइल मोठी.

चौथें, संगणक जुना असून ४ के चित्र अडखळत असेल, तर निराश होऊं नये. दाविंची रिझॉल्व्हसारख्या साधनांत कामापुरत्या लहान प्रती करून त्यांवर काटछांट करतां येते. शेवटचें चित्र मात्र मूळावरूनच निघतें.

शेवटीं एक. आप्तेष्टांना व्हॉट्सॲपवरून चित्रण पाठवितांना तें नेहमींच्या रीतीनें पाठविलें तर वाटेंत आकसतें. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास तसेंच पोंचतें. आणि आलेली आकसलेली प्रत हीच मूळ समजून कोणीं जपूं नये.

आमच्या भगिनीनें मुलाचें चित्रण अजून कापलेलें असलें, तरी कार्ड पुसलेलें नसेल तर कांहींच बिघडलेलें नाहीं. आजच तें दोन ठिकाणीं उतरून घ्यावें. काटछांटीला पुढें सवड पुष्कळ आहे.