पदवी हक्काच्या जागेवर की मेहेरबानीच्या?

बारावीचे निकाल लागले की खाजगी विद्यापीठांच्या पानभर जाहिराती सुरू होतात. वातानुकूलित वर्ग, परदेशी प्राध्यापक, पुढे थेट परदेशात प्रवेश! आपल्या समाजातील नोकरदार पालकही आता त्यांना भुलू लागले आहेत. पीएफ काढून, घर गहाण ठेवून मुलांना तिथे धाडले जाते. मुलाला पुढे एम.ए., पीएच.डी. करायचीच असेल तर पदवीवरच सारी पुंजी उधळावी काय?

आधी कायदा पाहू. ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आले. अल्पसंख्याक संस्था सोडून इतर खाजगी, विनाअनुदानित संस्थांतही आरक्षण ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. २०१४ साली प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो वैध ठरविला. मात्र केंद्राने २००६ साली कायदा केला तो केवळ केंद्रीय संस्थांपुरता! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने खाजगी संस्थांत अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात व ओबीसींना २७ टक्के आरक्षण देणारा कायदा करण्याची शिफारस केली. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे.

खाजगी विद्यापीठे गरिबांना फी-सवलत देतात, हे खरे. पण ती व्यवस्थापनाची मर्जी. सरकारी विद्यापीठातील राखीव जागा हा हक्क आहे. तो डावलला तर हायकोर्टात रिट करता येते. मर्जी फिरली तर दाद कुठे मागणार?

सरकारी विद्यापीठे म्हणजे स्वर्ग नव्हेत. २०१७ साली मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाईन पेपर तपासणीच्या घोळात निकाल महिनोन् महिने रखडले. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात २०१६ साली रोहित वेमुलाचा बळी गेला. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर कॉलेजे चालतात. तरीही ही दुरुस्त करण्याची लढाई आहे, मैदान सोडण्याची नव्हे.

बाबासाहेबांनी १९१२ साली बी.ए. केले ते एल्फिन्स्टन या सरकारी कॉलेजातून. १९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियाला गेले. कोलंबिया खाजगीच, पण तिथला खर्च संस्थानच्या तिजोरीने उचलला. आजही महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळू शकते. तिथे गुण आणि परदेशी विद्यापीठाचे मानांकन पाहिले जाते. पदवी किती महागड्या कॉलेजची, हे नव्हे.

म्हणून पालकांनो, पदवीसाठी चांगले सरकारी वा अनुदानित कॉलेज गाठा. सीयूईटी देऊन केंद्रीय विद्यापीठाचे दार ठोठवा. वाचलेला पैसा इंग्रजी, पुस्तके आणि पुढच्या प्रवेशांसाठी राखून ठेवा. आणि चळवळीतील कार्यकर्त्यांनो, पालकांना सल्ला देऊन आपले काम संपत नाही. कलम १५(५) चा केंद्रीय कायदा होईपर्यंत प्रत्येक खासदाराला जाब विचारा. खाजगी विद्यापीठांतही आपली मुले शिकली पाहिजेत. पण याचक म्हणून नव्हे, हक्कदार म्हणून!