घरकुलाची नवी फरशी महिन्यात का वाजतेय?

सध्या आपल्याकडं कुठल्याही वाडी-वस्तीवर जा, घरकुलाचं काम चालू दिसतं. प्रधानमंत्री आवास योजनेत मैदानी भागात एका घराला १ लाख २० हजार मिळतात, शौचालयाचे १२ हजार वेगळे. एवढ्यात घर होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पदरचे पैसे शेवटी जातात ते फरशीत, आणि घोळही तिथंच होतोय.

माझंच सांगतो. सोयाबीन विकून बाथरूमला नवी फरशी टाकली. पंधरा दिवसांत कोपऱ्यात पाणी साचू लागलं. आई घसरता घसरता वाचली. नाण्यानं ठोकून पाहिलं तर चार फरशा बद्द वाजल्या, म्हणजे खाली पोकळ. मिस्त्री म्हणाला, "दादा, मालच तसला." दुकानदार म्हणाला, "बसवल्यावर आमची जबाबदारी नाही." मधल्या मधी मी.

खरं कारण दोघांच्या मधेच आहे. आता बाजारात व्हिट्रीफाइड टाईल्स आल्यात. त्या पाणी जवळजवळ पीतच नाहीत, म्हणून नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर नीट धरत नाहीत. त्याला टाईल चिकटवायचं वेगळं अॅडेसिव्ह लागतं. मिस्त्रीचा हात मात्र जुन्या पद्धतीचा. त्यात मजुरी फुटावर, म्हणजे जेवढी घाई तेवढा फायदा. आणि आपणही हॉलमधली उरलेली दोन बाय दोनची गुळगुळीत फरशी बाथरूमला लावा म्हणतो. एवढ्या मोठ्या फरशीला जाळीकडं ढाळ देता येत नाही. बाथरूमला एक बाय एकची खरबरीत फरशीच बरी.

ढाळ किती? फुटाला साधारण तीन-चार मिलिमीटर. पाच फुटांत दीड-दोन सेंटीमीटर उतार पाहिजे.

बिघडलंच तर काय? एक-दोन फरशा पोकळ असतील तर तेवढ्याच काढून परत बसवता येतात. सांध्यातलं ग्राउट निघालं तर खरवडून नवीन भरा. पण ढाळच उलटा असेल तर वरून मलमपट्टी करून उपयोग नाही, तेवढी फरशी उचलावीच लागते.

मिस्त्री-दुकानदार दाद देत नसतील तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. खराब माल आणि पैसे घेऊन केलेलं खराब काम, दोन्ही त्यात येतं. आधी १९१५ वर फोन करा. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची.

अडचण एकच, पुरावा. जीएसटी वाचवायला आपण कच्च्या चिठ्ठीवर माल उचलतो आणि मजुरी रोख देतो. वाचतात हजार-दोन हजार, जातो तो हक्क. निदान मजुरी फोनवरून पाठवा, खोक्यावरच्या नंबरचा आणि खराब कामाचा फोटो काढून ठेवा, तक्रार व्हॉट्सअॅपवर लिहून करा.

आणि सगळ्यात सोपं : मजुरीतले थोडे पैसे मागं ठेवा. फरशी वाळली की मिस्त्रीसमोर बादलीभर पाणी ओता, नाण्यानं सगळी फरशी ठोका. पाणी जाळीत गेलं, आवाज भरीव आला, मगच शेवटचा हिशेब. यात मिस्त्रीचा अपमान नाही. बैल घेतानाही आपण दात बघूनच घेतो.